सात मिनिटांवरची गाडी

मोहाडीच्या टॅक्सी स्टँडवर 'गाडीहाक' हे ॲप आलं ते परसरामच्या हट्टापायी, हे सगळ्यांना माहीत होतं. परसराम काही फार शिकलेला नव्हता. दहावीच्या गणितानं दगा दिला आणि त्यानं स्टेअरिंग हातात घेतलं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. पण एक गोष्ट त्याच्या मनाला कायम सलत होती. आपण परवाना काढायचा, पिवळी पाटी लावायची, दरसाल गाडी पासिंगला न्यायची आणि स्टँडवर माश्या मारत बसायचं. सवारी पळवायची ती मात्र पांढऱ्या पाटीच्या जीपवाल्यांनी. आठ जणांच्या गाडीत सोळा कोंबायचे, अर्ध्या वाटेत उतरवायचे, बाईमाणसाशी अरेतुरे करायचं. एकदा तर तुमसरहून क्लास करून परतणाऱ्या दोन पोरींना अशाच एका जीपवाल्यानं भर दुपारी आडवाटेला घातलं. पोरींनी चालत्या गाडीतून उड्या टाकल्या म्हणून निभावलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक स्टँडवरच्या गाड्यांकडेही वाकड्या नजरेनं पाहत. त्यांच्या लेखी सगळे ड्रायव्हर एकाच माळेचे मणी.

म्हणून नागपूरच्या कंपनीची माणसं समाजमंदिरात ॲप समजावून सांगायला आली तेव्हा बाकीचे हसत असताना परसरामनं पहिला हात वर केला. फक्त परवान्याची गाडी. ड्रायव्हरचं नाव, फोटो, गाडीचा नंबर सवारीच्या फोनवर. सवारी कुठवर पोचली ते घरच्यांना दिसणार. सवारीनं ड्रायव्हरला तारे द्यायचे. वाईट वागणाऱ्याचं खातं बंद. परसरामनं घरोघर जाऊन सतरा ड्रायव्हर राजी केले, युनियनचा नियमच करून टाकला. गाडी बोलवायची ती ॲपवरूनच, आणि ज्याचं खातं बंद झालं त्याची गाडी दारात उभी. मागच्या दारानं सवारी मारली तर महिनाभर बाहेर.

आणि खरंच फरक पडला. सहा महिन्यांत सुना एकट्या माहेरी जाऊ लागल्या. जवाहरनगरच्या क्वार्टरमधले कारखान्याचे लोक स्टेशनला जायला मोहाडीच्या गाड्या बोलावू लागले. परसराम इस्तरीचा शर्ट घालू लागला, गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवू लागला. त्याची बायको जनाबाई म्हणायची, "नवरदेवावानी सजून राहिले आता म्हातारपणी." तो हसायचा, पण आरशात पाहून केस नीट करायचाच.

या नियमाचा पहिला फटका पिंटूला बसला. पिंटू परसरामच्याच गल्लीतला, पस्तिशीचा, गाडी उत्तम चालवणारा पण डोक्यानं गरम. मंजूर केलेल्या फेऱ्या ऐनवेळी रद्द करायची त्याला खोड. मार्च महिन्यात त्याचं खातं आठ दिवस बंद झालं. तिसऱ्याच दिवशी परसरामनं त्याला बाजाराच्या मागच्या गल्लीतून सवारी भरताना पाहिलं.

"भाऊ, पोरीची परीक्षा आहे, सासरा बिमार आहे, घरात बसून काय करू?" पिंटू म्हणाला.

"नियम तुया सहीनं झाला ना?" परसराम म्हणाला, आणि त्यानं कंपनीला कळवलं. पिंटू महिनाभर बाहेर राहिला. पूर्ण एप्रिल त्यानं एका वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवला. तेव्हापासून तो परसरामशी बोलत नव्हता. जनाबाईला ते आवडलं नाही. "शेजारचं पोरगं आहे, एकवार सांगून सोडून द्याचं होतं," ती म्हणाली. परसराम म्हणाला, "आज त्याले सोडलं तं उद्या कोणाकोणाले सोडू?"

परसरामची एक सवारी मात्र ॲपच्या आधीपासूनची होती. आंधळगावच्या सुशीलाबाई. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारं घर. नवरा गेला, मुलगा चंदन पुण्याकडे एका कारखान्यात, घरी सून रिता आणि त्या. बाईंची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. तीन वर्षांपासून दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी भंडाऱ्याला डायलिसिस. साडेनऊला आंधळगावहून निघायचं, अकराच्या आत मशीनवर. चार तास रक्त धुऊन झालं की गळाठलेल्या बाईंना परत आणायचं. एवढ्या काळात परसरामची एक फेरी चुकली नव्हती. स्वतःचा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा त्यानं त्यांना सोडलं आणि मग घाटावर गेला.

बाईंना येताना पुढच्या सीटवर बसायला आवडायचं. पाणी दिवसाला मोजून तीन पेले, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं पाण्याभोवतीच फिरायचं. कुठल्या तलावाचं पाणी कोशाचा रंग चांगला धरतं, माहेरच्या विहिरीच्या पाण्यात डाळ कशी पटकन शिजायची. "परसराम, मी मेल्यावर माया तोंडात गंगा घालू नका," त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी घाला, अन् तांब्याभर घाला. जिते आहो तवर मोजूनच भेटून राहिलं." रिता मागून रागावली. परसरामला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

ॲप आल्यावर त्यानं त्यांचं नाव 'ठरलेली फेरी' म्हणून आपल्याच गाडीला जोडून घेतलं. रिताला फोनमध्ये काही करावं लागत नसे. तिचा फोनही जुनाच, काच तडकलेला. साडेनऊ वाजले की दारात हॉर्न वाजणार, हे दोघींना सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, परसरामला जवाहरनगरहून एक सवारी मिळाली. पन्नाशीचे गृहस्थ, त्यांना वरठीच्या स्टेशनवर गाडी पकडायची होती. ते घरातूनच वीस मिनिटं उशिरा बाहेर आले. उन्हानं डांबर मऊ झालेलं, गाडीचा एसी जेमतेम फुंकत होता. गृहस्थ दर दोन मिनिटांनी म्हणत, "जरा दाबा ना! बैलगाडी आहे का?" परसरामनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. चौथ्या वेळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "घाई एवढी होती तं घरून टाइमावर निघाचं होतं साहेब. माया गाडीले पंख नाही." गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. त्यांची ट्रेन सुटली. फलाटावर उभ्या उभ्याच त्यांनी एक तारा दिला आणि खाली लिहिलं: ड्रायव्हर उद्धट, गाडीत एसी चालत नाही.

संध्याकाळच्या आत परसरामच्या फोनवर संदेश आला. गंभीर तक्रार. खातं सात दिवस बंद. सर्व ठरलेल्या फेऱ्या स्थगित.

त्यानं नागपूरच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या कीर्ती मॅडमनीच समाजमंदिरात ॲप समजावून सांगितलं होतं. त्या मनमोकळ्या होत्या. "परसरामजी, तुमचं रेटिंग किती छान आहे, मलाच वाईट वाटतंय. पण उद्धटपणाची तक्रार आली की सिस्टिम आपोआप बंद करते, माझ्या हातात नाही. तुम्ही अपील टाका. तीन-चार दिवसांत निकाल येतो. तुम्ही बोललात का खरंच तसं?"

"बोललो जी," परसराम म्हणाला. "चुकलं माझं."

त्याला खरं बोलण्याचा थोडा अभिमानही वाटला. फोन ठेवून त्यानं गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली लावली, ताडपत्री घातली आणि रिताला फोन केला. बुधवारसाठी तो आपल्या फोनवरून, साध्या सवारीसारखी, दुसरी गाडी बोलावणार होता. बुधवारी सगळं सुरळीत पार पडलं. साडेनऊला वरठीचा एक ड्रायव्हर दारात हजर. बाई परत आल्यावर फोनवर म्हणाल्या, "पोरगा चांगला होता, पण हळू नाही चालवत तुयासारखा. माये हाडं खिळखिळे झाले." परसरामला बरं वाटलं. आपण उभी केलेली व्यवस्था आपल्याशिवायही चालते, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या रात्री तो निवांत झोपला.

शुक्रवारी लग्नाची मोठी तीथ होती. सकाळी सातपासूनच मोहाडीतून वऱ्हाडाच्या गाड्या निघाल्या होत्या. नऊ वाजता परसरामनं आंधळगावसाठी गाडी मागितली. फोनवर गोल फिरत राहिला. जवळपास गाडी उपलब्ध नाही. पुन्हा मागितली. पुन्हा तेच. साडेनऊला वरठीच्या एका गाडीनं फेरी घेतली. अठ्ठावीस मिनिटं. परसरामनं रिताला कळवलं, ती म्हणाली ठीक आहे. नकाशावरची ती बारकी गाडी दहा मिनिटं एकाच जागी उभी राहिली आणि मग नाहीशी झाली. ड्रायव्हरनं फेरी रद्द केली.

जनाबाई चुलीपुढून सगळं पाहत होती. ती हात पुसत बाहेर आली. "अवो, कायले त्या फोनशी डोकं फोडून राहिले? गाडी दारात हाये. जा ना घेऊन. पाव घंट्यात आंधळगाव. कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," परसराम म्हणाला. "पिंटूले याच्यासाठीच बाहेर काढलं म्या. मीच नियम मोडला तं उद्या स्टँडवर कोणत्या तोंडानं जाऊ?"

"नियम माणसासाठी का माणूस नियमासाठी?"

"तुले नाही समजत."

तरी त्यानं किल्ली खिळ्यावरून काढली. गाडीवरची ताडपत्री अर्धी ओढली, दार उघडलं. पिंटूचं घर समोरच्या वळणावर होतं आणि त्याची गाडी दारात उभी होती. परसरामचा एक पाय गाडीत, एक खाली. तेवढ्यात हातातला फोन वाजला. गाडी मिळाली. सात मिनिटं. ड्रायव्हर: पिंटू.

वळणावरून पिंटूची गाडी खरोखरच निघाली आणि आंधळगावच्या रस्त्याला लागली. परसरामच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे पोरगा राग विसरला, त्याला वाटलं. ॲप मिनिटं नेहमी कमीच दाखवतं, सातचे पंधरा होतील, पण अकराच्या आत बाई मशीनवर पोचतील.

त्याच वेळी रिताचा फोन आला. मागून बसचा आवाज येत होता. "काकाजी, आमी थांब्यावर आलो, दहाची बस आली. गर्दी आहे, पण कंडक्टर ओळखीचा आहे, आत्याबाईले जागा देईन म्हणते. चढू का?"

"नको, नको," परसराम म्हणाला. "बाईले गर्दीत कायले उभं करते? गाडी निघाली. सात मिनिटांत येते."

"नक्की ना काकाजी?"

"नक्की. माया डोयासमोर गेली ना."

बस गेली. फोनवरची गाडी आंधळगावच्या अर्ध्या वाटेवर होती. मग ती थांबली. मग वळली. ड्रायव्हरनं फेरी रद्द केली.

परसराम त्या पडद्याकडे पाहतच राहिला. त्यानं पिंटूला फोन लावला; उचलला नाही. पुन्हा लावला; बंद. खरं तर त्या क्षणी गाडी घेऊन निघायला काहीच हरकत नव्हती. पण तोवर सव्वादहा झाले होते, अकरा तर टळलेच होते, आणि फोनवर गोल परत फिरू लागला होता. आता मिळेल, आता मिळेल. किल्ली हातात घेऊन तो अंगणात फेऱ्या मारत राहिला. माणसाच्या अंगात एकदा खरेपणाचा अहंकार शिरला की तो किती वेळ खातो, याचा हिशेब त्याला पुढे कितीतरी दिवस लागला नाही.

साडेबाराला तुमसरची एक गाडी मिळाली. ती बाईंना घेऊन भंडाऱ्याला पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. अकराची मशीन दुसऱ्या पेशंटला लागली होती. तिथल्या सिस्टरनं जीव तोडून प्रयत्न केला, पण संध्याकाळपर्यंत एकही मशीन रिकामी होत नव्हती आणि रात्रपाळी नव्हती. शनिवारच्या यादीत जागा नाही. कुणी आलं नाही तर फोन करू. रविवारी बंद. सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी यांनाच घेऊ. "पाणी अगदी बेतानं," सिस्टर म्हणाली. "फळं नाही, नारळपाणी नाही. धाप लागली तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीला आणा." बाई आल्या तशा परत गेल्या.

शनिवारी फोन आला नाही. दुपारी परसराम मोटरसायकलवर आंधळगावला गेला. बाई ओसरीवर पंख्यासमोर बसल्या होत्या, पाय सुजून उशीसारखे झालेले. रिता त्यांच्या तोंडात बर्फाचा खडा ठेवत होती.

"ये परसराम," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. "तोंड काहून पाडून बसला?"

"बाई, माझ्यापायी..."

"तुयापायी काय? तीन साल तूच तं जगवलं मले." त्यांनी रिताकडे पाहिलं. "हे पोरगी तुयावर रागावली आहे. मी म्हटलं, अगे, एक खेप चुकली तं चुकली. कोशाचा धागा तुटते तसा तुटला. गाठ मारा अन् पुढं चाला."

 रिता उठून आत गेली आणि परसराम निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परतताना त्यानं ठरवलं की सोमवारी काहीही होवो, आपणच न्यायचं. युनियन गेली उडत. हा निर्णय घेतल्यावर त्याला हलकं वाटलं. शुक्रवारी हाच निर्णय इतका जड का वाटला होता, ते मात्र त्याला कळेना.

रविवारी दुपारी तीनला रिताचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "काकाजी, आत्याबाईले श्वास नाही घेता येऊन राहिला. ॲम्ब्युलन्स बाळंतपणाच्या केसवर गेली, पाऊण घंटा म्हणतात."

परसरामनं ताडपत्री फाडल्यासारखी ओढली. अंगात बनियन तसंच, पायात चपला नाहीत. ज्या रस्त्याला तो नेहमी पंधरा मिनिटं घ्यायचा तो त्या दिवशी नऊ मिनिटांत संपला. बाईंना आडवं करता येत नव्हतं. आडवं केलं की घुसमटायच्या. रितानं त्यांना मागच्या सीटवर पुढे वाकवून बसवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. शेजारणीनं गाडीत पाण्याची बाटली ठेवली, रितानं ती बाहेर फेकली.

मोहाडी मागे पडलं. परसराम हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागून येणारा श्वासाचा आवाज, उकळत्या पाण्यासारखा, त्याला इंजिनापेक्षा मोठा ऐकू येत होता. "बाई, आलं, वरठी आलं," तो म्हणत राहिला. "वरठी आलं की भंडारा आलंच. जागे राहा बाई." वरठीच्या अलीकडे एका लग्नाची वरात रस्त्यावर होती. परसराम गाडीतून अर्धा बाहेर झुकून ओरडला, हात जोडले. लोकांनी बँड थांबवला, वाट दिली. नवरदेवही घोड्यावरून आत डोकावून पाहत होता. वरात मागे पडली आणि गाडी एकदम शांत झाली.

"काकाजी," रिता म्हणाली. "आता हळू चालवा."

त्यानं आरशात पाहिलं नाही. तो भंडाऱ्यापर्यंत हळू गेला, कारण कुणीतरी पाहून सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं.

चंदन सोमवारी पोचला. अंत्यसंस्काराला आंधळगावचे बरेच लोक आले. परसराम मागे, पुरुषांच्या गर्दीच्या कडेला उभा राहिला. कुणी त्याला दोष दिला नाही. उलट दोन म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी लय केलं भाऊ त्याइचं." ते ऐकून तो गर्दीतून बाहेर निघाला.

मंगळवारी सकाळी कीर्ती मॅडमचा फोन आला. अपील मंजूर झालं होतं. त्या गृहस्थांनी स्वतः उशीर केल्याचं ॲपमधल्या वेळांवरून सिद्ध झालं होतं. "तक्रारच काढून टाकली आहे, परसरामजी. जणू काही झालंच नाही."

परसरामनं काय झालं ते त्यांना सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं.  मग मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला... मला आधी का नाही फोन केला? मी गाडी पाठवली असती. मी काहीतरी केलं असतं."

"तुमचा काय दोष मॅडम," तो म्हणाला. "शुक्रवारी माझी गाडी माझ्याच अंगणात होती."

मॅडम म्हणाल्या की दवाखान्याच्या फेऱ्या यापुढे खातं बंद झालं तरी स्थगित होणार नाहीत, असं त्या वर लिहून कळवतील. त्यांनी कळवलंही. महिन्याभरात तसा बदल ॲपमध्ये आला आणि स्टँडवरचे लोक म्हणाले, चला, काहीतरी चांगलं झालं.

पिंटू बुधवारी सकाळी आला. तो अंगणाच्या फाटकाशीच उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते, पण तो प्यायलेला नव्हता.

"भाऊ, फोनवर तुमचं नाव आलं," तो म्हणाला. "परसराम, आंधळगाव. मले वाटलं तुमी तपासून राहिले मले. फेरी घेतो का रद्द करतो, हे पाह्याले सापळा लावला म्हून. अर्ध्या रस्त्यात डोकं सटकलं. म्हटलं, जाय तिकडं, लाव फोन कंपनीले." तो खाली बसला, उकिडवा, डोकं धरून. "मले का माहीत जी, बाईसाठी होती म्हून? एका शब्दानं सांगतलं असतं..."

"माहीत आहे," परसराम म्हणाला.

"मारा मले भाऊ. चार थोबाडीत मारा."

परसरामला त्याला मारावंसंही वाटलं नाही आणि जवळ घ्यावंसंही वाटलं नाही. एका शब्दानं सांगायला हवं होतं. पण दीड महिना दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते बोलणं बंद पाडणारा परसरामच होता. जनाबाईनं पिंटूला चहा आणून दिला. त्यानं तो घेतला नाही. थोड्या वेळानं उठून गेला. नंतर त्यानं गाडी विकली आणि बायकोपोरांना घेऊन सासरवाडीला, लाखांदूरकडे, शेती करायला गेला.

एक गोष्ट परसरामनं कुणालाच सांगितली नव्हती. जनाबाईला नाही, मॅडमना नाही, पिंटूलाही नाही. ती गोष्ट फक्त रिताला माहीत होती. म्हणून तेरवी झाल्यावर, चंदन पुण्याला परत गेल्यावर, तो एका सकाळी आंधळगावला गेला.

रिता एकटीच होती. ओसरीवर बसून ती डायलिसिसच्या फाईलमधले कागद वेगळे करत होती. कोणते ठेवायचे, कोणते जाळायचे. परसराम पायरीवर बसला.

"पोरी," तो म्हणाला, "मी येऊन बोललो नाही, कारण मले तोंड नव्हतं. चूक माझी आहे. पिंटूची नाही, कंपनीची नाही."

रितानं हातातले कागद सारखे केले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"मी तुमाले इचारलं होतं काकाजी," ती म्हणाली. "बस समोर उभी होती. कंडक्टरनं आत्याबाईचा हात धरला होता. एक पाय पायरीवर होता त्याइचा. मी तुमाले इचारलं, अन् तुमी नको म्हटलं. म्या त्याइले उतरवलं."

"हाव."

"दुसऱ्या कोणी नको म्हटलं असतं तं मी आयकलं नसतं. तुमी म्हटलं म्हून आयकलं." ती थांबली. "रोज रात्री मले वाटते, मीच काहून आयकलं? मीच उतरवलं ना. माया हातानं उतरवलं."

परसरामला म्हणायचं होतं की तुझा काही दोष नाही. पण तो म्हणाला तर ती ऐकेल का, आणि आता त्याच्या शब्दावर कुणी काही ऐकावं असं उरलं होतं का, हे त्याला कळेना.  ओसरीच्या कोपऱ्यात बाईंचा बंद हातमाग होता, त्यावर अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं. 

शेजारच्या दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्त्यानं गेल्या. जाताना त्यांनी वळून पाहिलं.

"आता जा तुमी काकाजी," रिता म्हणाली. "लोक पाहून राहिले."

तो उठला. तिनं त्याला पुन्हा या असं म्हटलं नाही, आणि तोही येतो म्हणाला नाही.